सोरचं नक्की काय झालं? यहेज्केलच्या एका भविष्यवाणीची पूर्ण केस

"पूर्ण झालेल्या भविष्यवाण्या" अशी जी लिस्ट चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत असते ना, त्यात बेथलेहेम, गाढवावरून यरुशलेमात येणं, चांदीची तीस नाणी हे सगळं झालं की पुढे कुठेतरी सोर हे प्राचीन शहर येतंच. बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याने सांगितलं होतं की सोर पाडलं जाईल, त्याचे दगड-लाकूड-माती पाण्यात टाकली जाईल, कोळी तिथे जाळी पसरतील, आणि बघा, अडीचशे वर्षांनी अलेक्झांडरने अगदी तसंच केलं, हालेलुया. मग कोणीतरी पोरगा यूट्यूबवर तोच अध्याय उघडून दाखवतो की सोर आजही जागेवर आहे, लोक राहतायत, हॉटेलं चालू आहेत, म्हणजे भविष्यवाणी फेल. दोघंही फुल कॉन्फिडन्समध्ये असतात. आणि दोघंही २६ वा अध्याय वाचून पुस्तक मिटतात, तीनच अध्याय पुढे खुद्द यहेज्केल या विषयावर परत बोललाय हे कोणी बघतच नाही. माझं सगळं म्हणणं त्या २९ व्या अध्यायावर उभं आहे, पण तिथे जायच्या आधी केस नीट मांडायला पाहिजे.

हीच केस का घेतली तेही सांगतो. बेथलेहेमचं भाकीतही बायबलात आणि ते पूर्ण झाल्याची साक्षही बायबलातच, त्यामुळे बाहेरचा माणूस सरळ म्हणतो की लिहिणाऱ्याने जुळवून लिहिलं असेल, आणि तिथे वाद श्रद्धेवर येऊन थांबतो. सोरचं तसं नाही. इथे ग्रीक इतिहासकार आहेत, बाबेलच्या (म्हणजे बॅबिलोनच्या) मातीच्या पाट्या आहेत, ज्यू इतिहासकार जोसेफस आहे, आणि मुख्य म्हणजे शहर स्वतः आहे, दक्षिण लेबननमध्ये, इंग्रजी बातम्यांत ज्याला टायर म्हणतात ते हेच. म्हणजे तपासायला भरपूर जागा आहे.

माणूस आणि शहर

यहेज्केल याजक घराण्यातला. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्रेस्सर राजाने यहूदाच्या यहोयाखीन राजाला आणि यरुशलेमातले अधिकारी, कारागीर, सैनिक असे सगळे कामाचे लोक उचलून बाबेलला नेले, त्यातच हाही गेला. खबार कालव्याच्या काठी तेल-अबीब नावाच्या वस्तीत राहायचा (आताच्या इस्राएलमधलं तेल अवीव वेगळं, गोंधळ नको). सोरबद्दलचा संदेश त्याने दिला तो बंदिवासाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५८७-५८६ च्या आसपास, यरुशलेम पडलं किंवा पडायला आलं होतं तेव्हा. आणि संदेशाचं कारण पहिल्याच ओळींत दिलंय: यरुशलेमची अवस्था बघून सोर खूश झालं. राष्ट्रांचा दरवाजा मोडला, आता सगळा धंदा माझ्याकडे येणार, असं. शेजाऱ्याचं घर जळतंय आणि हा गिऱ्हाइकं मोजतोय.

सोर म्हणजे बेट. किनाऱ्यापासून साधारण पाऊण किलोमीटर आत, तटबंदी थेट पाण्यातून वर आलेली, उत्तरेला सीदोनच्या दिशेचं एक बंदर आणि दक्षिणेला मिसरच्या (म्हणजे इजिप्तच्या) दिशेचं दुसरं. समोर किनाऱ्यावर एक जुनी वस्ती होती, अश्शूरी लेखांत तिला उशू म्हणतात, ग्रीक लोक तिला जुनं सोर म्हणायचे. इथल्याच हीराम राजाने शलमोनाच्या मंदिरासाठी गंधसरू पाठवले. समुद्री शंखांपासून बनणारा जांभळा रंग, जो राजे-रजवाडेच वापरू शकायचे, तो यांचा खास माल. पार आफ्रिकेतलं कार्थेज ही यांचीच वसाहत, परंपरेने इ.स.पू. ८१४ मधली. याआधी अश्शूरच्या राजाने पाणी तोडून पाच वर्षं कोंडी केली तरी सोर टिकलं होतं असं जोसेफस सांगतो, तेव्हा यांना आपण पडूच शकत नाही असं वाटत असेल तर नवल नाही. २८ व्या अध्यायात सोरचा अधिपती म्हणतोच, मी देव आहे, समुद्राच्या मध्यभागी देवाच्या आसनावर बसलोय.

२७ वा अध्याय मला पर्सनली सगळ्यात भारी वाटतो. तिथे सोरचं वर्णन एका जहाजासारखं केलंय, बाशानच्या ओकची वल्ही, लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, मिसरच्या तागाचं शीड, आणि मग मालाची लांबच लांब यादी: तार्शीशहून चांदी, लोखंड, कथील, शिसं, कुठून हस्तिदंत आणि आबनूस, यहूदा आणि इस्राएलहून गहू, मध, तेल. ज्या शहराचा नाश सांगायचाय त्याचा व्यापार या माणसाला इतका बारकाईने माहीत होता. अर्थशास्त्राचा इतिहास लिहिणारेसुद्धा या अध्यायाकडे येतात. फॉरवर्डच्या लिस्टमध्ये मात्र हा अध्याय कधीच नसतो कारण त्यात टिक करण्यासारखं काही नाही.

नेमकं काय सांगितलं होतं

२६ व्या अध्यायात क्रम असा आहे. आधी, समुद्र लाटा आणतो तशी पुष्कळ राष्ट्रं तुझ्यावर आणीन. ती तट पाडतील, बुरूज पाडतील, माती खरवडून काढीन आणि तिला उघडा खडक करीन, समुद्राच्या मधोमध जाळी पसरायची जागा. मुख्य भूमीवरच्या तिच्या कन्या, म्हणजे किनाऱ्यावरची गावं, तलवारीने पडतील. मग सातव्या वचनापासून थेट नाव येतं: बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर, उत्तरेकडून, घोडे, रथ, स्वार घेऊन. तो मोर्चे बांधील, तट फोडील, त्याच्या घोड्यांच्या टापा रस्ते तुडवतील. बाराव्या वचनात अचानक "तो" जाऊन "ते" येतं: ते तुझी संपत्ती लुटतील, तुझे दगड, लाकूड, माती पाण्यात टाकतील. चौदाव्यात, तू पुन्हा बांधली जाणार नाहीस. आणि एकविसाव्यात, तुला शोधतील पण तू सापडणार नाहीस.

एवढं सरळ, नावानिशी भाकीत जुन्या करारात कमीच ठिकाणी आहे. आणि अनुवाद १८:२२ मध्ये नियमही सरळ आहे, संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते वचन परमेश्वराचं नव्हे. म्हणजे खुद्द बायबलच म्हणतंय की तपासा. तपासलं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं जे काही लोक बोलतात ते मला पटत नाही.

नबुखद्रेस्सर आला, तेरा वर्षं बसला

आला हे नक्की. जोसेफस फिनिकी नोंदींच्या आधारे सांगतो की इथोबाल राजाच्या काळात नबुखद्रेस्सरने सोरला तेरा वर्षं वेढा दिला. साधारण इ.स.पू. ५८५ ते ५७३ असा हा काळ धरतात. तेरा वर्षं! पण वेढा कसला, बाबेलकडे आरमार नाही, सोरकडे जहाजं आहेत, समुद्राचा रस्ता उघडा आहे. किनाऱ्यावरची गावं बाबेलच्या ताब्यात गेली असणार, बेटावर मात्र रसद चालू. शेवटी काहीतरी तडजोड होऊन सोर शरण आलं असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्यानंतर बाल नावाचा राजा, मग काही काळ राजाच नाही, न्यायाधीश कारभार बघतात. बाबेलच्या दरबाराच्या एका यादीत सोरच्या राजाचाही उल्लेख सापडतो. म्हणजे स्वातंत्र्य गेलं, राजे बाबेलच्या मर्जीतले झाले. पण शहर उभं होतं. तट फोडून घोडे रस्त्यांवरून दौडवले, लूट केली, असं काही झालेलं दिसत नाही.

आता इथेच २९:१७ वाचा. बंदिवासाचं सत्ताविसावं वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस, म्हणजे इ.स.पू. ५७१. सगळ्या पुस्तकात तारीख दिलेल्या संदेशांत हा सगळ्यात उशिराचा. यहेज्केल सांगतो की नबुखद्रेस्सरने आपल्या सैन्याला सोरविरुद्ध फार राबवलं, प्रत्येकाचं डोकं टकलं झालं, प्रत्येकाचा खांदा सोलून निघाला, पण त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरकडून त्या मेहनतीचा मोबदला काहीच मिळाला नाही. म्हणून परमेश्वर म्हणतो, त्याला मजुरी म्हणून मी मिसर देश देतो.

दोन मिनिटं थांबून विचार करा हे काय लिहिलंय. २६:१२ मध्ये लूट होईल म्हटलं होतं. पंधरा-सोळा वर्षांनी तोच संदेष्टा त्याच देवाच्या नावाने सांगतोय की लूट मिळाली नाही. डोकी टकली झाली, खांदे सोलले, हे डिटेल इतकं ओझं वाहणाऱ्या मजुराचं आहे की ते कोणी वेढ्यावरून परत आलेल्याकडून ऐकलं असावं असंच वाटतं. त्याला २६ वा अध्याय गुपचूप दुरुस्त करता आला असता, त्याच्या शिष्यांना तर नक्कीच करता आला असता, नाव काढून टाकलं असतं तरी भागलं असतं. केलं नाही. दोन्ही संदेश तारखांसकट एकाच पुस्तकात ठेवले. विरोधक म्हणतात बायबलवाल्यांनी घटना झाल्यावर भाकितं लिहिली, तर या केसमध्ये तरी ते बसत नाही, कारण नंतर लिहायचं असतं तर इतकं अवघड कोण लिहील? आणि आपल्या बाजूचे जे म्हणतात सगळं शब्दशः नबुखद्रेस्सरपासून टिक-टिक-टिक पूर्ण झालं, त्यांना खुद्द यहेज्केलच गप्प करतो.

मग अलेक्झांडर

मधला काळ पटकन सांगतो. पारशी म्हणजे इराणचं राज्य आलं, सोर परत तेजीत. एज्रा ३:७ मध्ये सोरचे लोक दुसऱ्या मंदिरासाठी लाकूड पुरवतायत, आणि नहेम्या १३:१६ मध्ये तर यरुशलेमातच राहून शब्बाथाच्या दिवशी मासे विकतायत आणि नहेम्या त्यांच्यावर भडकलाय. सोर नष्ट झालेलं नव्हतं याचा पुरावा बायबलच्याच पानावर, आणि तोही मासळीबाजारातून.

इ.स.पू. ३३३ मध्ये इस्ससला पारशी राजा दारयावेशचा पराभव करून अलेक्झांडर किनाऱ्याने खाली आला. बाकीची शहरं दारं उघडत गेली. सोरला त्याने निरोप पाठवला की तुमच्या मेल्कार्थ देवाला, ज्याला ग्रीक हेराक्लीस समजायचे, मला बेटावरच्या मंदिरात यज्ञ करायचाय. सोरवाले हुशार, म्हणाले जुन्या सोरमध्ये किनाऱ्यावर मंदिर आहे तिथे करा, बेटावर ना पारशी येणार ना मॅसिडोनियन. मग इ.स.पू. ३३२ च्या जानेवारीत काम सुरू झालं, आणि काम म्हणजे समुद्रच भरून काढायचा. किनाऱ्यावरचं जुनं सोर पाडून त्याचे दगड आणि लबानोनची झाडं पाण्यात ओतून बेटापर्यंत रस्ता. आपल्याकडे १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्यापर्यंत असाच दगडांचा सेतू टाकायला घेतला होता, तो मोगल चालून आल्याने अर्धवट राहिला, त्यावरून अंदाज येईल की हे किती अचाट काम आहे. सोरवाल्यांनी जळतं जहाज सोडून अलेक्झांडरचे मनोरे जाळले, परत बांधावे लागले. खरा फरक पडला तो सीदोन, अरवद, गबाल आणि सायप्रसची जहाजं त्याच्या बाजूला आली तेव्हा. सात महिन्यांनी तट फुटला. ग्रीक इतिहासकार एरियन सांगतो आठ हजार सोरवासी मारले गेले, तीस हजारांना गुलाम म्हणून विकलं. दोन हजार जणांना किनाऱ्यावर क्रुसावर टांगलं असं डायोडोरस आणि कर्टियस हे इतिहासकार सांगतात.

दगड, लाकूड, माती पाण्यात. हे वाचून अंगावर काटा येतो हे मी मान्य करतो, आणि येऊ नये असं म्हणणारा माणूस मला जरा कोरडाच वाटतो. वेढे शेकडो झाले असतील, पण शहराचा मलबाच समुद्रात टाकून शहर घेतलं अशी उदाहरणं किती? तो रस्ता आजही आहे. वाळू साचत साचत बेटाचा द्वीपकल्प झाला. २००७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथल्या गाळाचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की पाण्याखाली आधीच नैसर्गिक वाळूचा दांडा तयार होत होता, समुद्र तिथे उथळ होता, म्हणूनच अलेक्झांडरला हे जमलं.

पण मग "पुन्हा बांधली जाणार नाहीस"? सतराच वर्षांनी, इ.स.पू. ३१५ मध्ये अलेक्झांडरच्याच सेनापतींपैकी अँटिगोनसला याच शहराला पुन्हा वेढा द्यावा लागला आणि सव्वा वर्ष बसावं लागलं. पडीक खडकाला कोणी सव्वा वर्ष वेढा देत नाही.

नव्या करारातलं सोर

हा भाग लिस्टवाले टाळतात आणि मला तर तोच महत्त्वाचा वाटतो. येशू सोर आणि सीदोनच्या भागात गेला, तिथे त्याला ती कनानी बाई भेटली जिने कुत्र्यांनाही मेजावरचा चुरा मिळतो असं उत्तर दिलं. खोराजीन आणि बेथसैदाला धिक्कारताना तो म्हणाला, तुमच्यात झालेले चमत्कार सोर-सीदोनमध्ये झाले असते तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. आणि प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौलाचं जहाज माल उतरवायला सोरला लागतं, तो शिष्यांना शोधून काढतो, सात दिवस राहतो, निघताना सगळे बायकापोरांसकट समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात. शोधलं आणि सापडलं. जहाज, माल, बंदर, सगळं चालू. कृत्ये लिहिणाऱ्या लूकला यहेज्केल माहीत नव्हता असं कोण म्हणेल, पण त्याला यात काही अडचण वाटलेली नाही, तो एका शब्दाचंही स्पष्टीकरण देत नाही.

पुढे तर सोर ख्रिस्ती शहरच झालं. ३१५ च्या सुमारास तिथे बिशप पौलिनसने पाडलेलं चर्च पुन्हा भव्य बांधलं आणि त्याच्या अर्पणविधीला चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने मोठं भाषण केलं. ३३५ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याला पदावरून काढणारी बिशपांची सभा इथेच भरली. आणि गंमत बघा, भविष्यवाण्यांचा प्राचीन काळातला सगळ्यात धारदार टीकाकार पॉर्फिरी, ज्याने दानीएलचं पुस्तक घटना घडल्यानंतर लिहिलंय असा आरोप केला, तो मूळचा सोरचाच. ज्या गावाबद्दल "सापडणार नाही" म्हटलं त्याच गावातून हा निघाला.

चौथ्या-पाचव्या शतकातला जेरोम, लॅटिन बायबलवाला, त्याने यहेज्केलवर भाष्य लिहिताना हा प्रश्न डायरेक्ट विचारलाय: पुन्हा बांधलं जाणार नाही म्हणता, आणि आज तर आपण हे फिनिकेमधलं सगळ्यात थोर, सुंदर शहर डोळ्यांनी बघतोय. म्हणजे यूट्यूबवरच्या पोराचा प्रश्न सोळाशे वर्षं जुना आहे आणि तेव्हा तो विचारणारा संत आहे. त्याचं उत्तर असं की सोर पुन्हा राणी झालं नाही, हीरामच्या वेळचं स्वतःचं राज्य परत आलं नाही, बाबेल, मॅसिडोनिया, रोम यांच्या ताब्यातच राहिलं.

खडक आणि जाळी, शेवटी दिसली पण

११२४ ला क्रुसेडवाल्यांनी सोर घेतलं, १२९१ ला मिसरच्या मामलुक सुलतानांनी परत घेऊन मोडून टाकलं. आणि मग खरंच शतकानुशतकं तिथे फारसं काही नव्हतं. १६९७ मध्ये हेन्री मॉन्ड्रेल नावाचा इंग्रज पाद्री, अलेप्पोतल्या व्यापाऱ्यांचा चॅप्लेन, तिथे पोचला. त्याला पडक्या भिंतींचा ढीग दिसला, एक घर धड नाही, थोडीशी गरीब माणसं तळघरांत राहून मासे पकडून जगतायत. त्याने लिहिलं की देवाने आपलं वचन कसं पूर्ण केलं याचा दिसता पुरावा म्हणूनच जणू ही माणसं इथे राखून ठेवलीत. पुढच्या दोनशे वर्षांत इंग्रजी पुस्तकांत हेच वर्णन फिरत राहिलं आणि आपल्याकडे मिशनरी साहित्यातून जी "जाळी वाळत घालणारे कोळी" अशी ओळ येते तिच्यामागे असलेच प्रवासी आहेत.

मॉन्ड्रेल खोटं बोलला नाही, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. पण १८ व्या शतकात लोक परत वसले. आज सोर दक्षिण लेबननमधलं मोठं शहर आहे, रोमन घोडदौडीचं मैदान आणि कमान बघायला लोक जातात, १९८४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, जुन्या बंदराजवळ ख्रिस्ती मोहल्ला आहे. २०२४ च्या युद्धात तिथे बॉम्ब पडले. बॉम्ब पडलेल्या गावातल्या लोकांकडे बोट दाखवून "बघा भविष्यवाणी" म्हणणं मला तरी किळसवाणं वाटतं, त्यातले काही तर आपलेच विश्वासणारे आहेत.

बचावाच्या तीन वाटा

पहिली वाट: खरं सोर म्हणजे किनाऱ्यावरचं जुनं सोर, ते परत बांधलं गेलं नाही. ऐकायला सोपं आहे पण वचनांत बसत नाही. यहेज्केल परत परत म्हणतो समुद्राच्या मधोमध, आणि किनाऱ्यावरच्या गावांना वेगळ्याने "मुख्य भूमीवरच्या कन्या" म्हणतो. त्याचं सोर बेटच आहे.

दुसरी: "तो" म्हणजे नबुखद्रेस्सर आणि "ते" म्हणजे पुष्कळ राष्ट्रं, लाटांसारखी एकामागून एक, त्यात अलेक्झांडर आला, अँटिगोनस आला, मामलुक आले. हे मला बरंच पटतं, कारण लाटांचं चित्र तिसऱ्या वचनात आहेच, ते आपण बाहेरून आणलेलं नाही. फक्त अडचण ही की सातव्यापासून अकराव्यापर्यंत तट फोडणं आणि रस्ते तुडवणं हे "तो"च करतोय, आणि ते त्याला जमलं नाही. म्हणजे ही वाट बाराव्या वचनापुरती चालते, आधीच्या पाचांना नाही.

तिसरी जेरोमची: शहर राहिलं, सत्ता गेली. इतिहास म्हणून बरोबर. पण "सापडणार नाहीस" याचा अर्थ इतका पातळ केला तर कुठलंही भाकीत कुठल्याही शहराला लागू होईल.

मला जी वाट पटते ती यिर्मयातून जाते आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही. यिर्मया २७ मध्ये यरुशलेमात आलेल्या परराष्ट्रांच्या वकिलांना निरोप दिलाय, आणि तिसऱ्या वचनात सोरच्या राजाचं नाव यादीत स्पष्ट आहे. निरोप काय, तर जे राष्ट्र बाबेलच्या राजाच्या जुवाखाली मान देईल त्याला मी त्याच्याच भूमीत राहू देईन. आणि यिर्मया १८ मध्ये सरळ तत्त्व सांगितलंय, एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हणून मी बोललो आणि ते वळलं तर मीही वळेन. योनाच्या निनवेचं तेच झालं, चाळीस दिवस म्हटलं होतं, शहर वाचलं, आणि योना रुसून बसला. आता सोर बघा. तेरा वर्षं ताणलं, पण शेवटी बाबेलसमोर मान वाकवली. आणि राहिलं आपल्या भूमीत. नबुखद्रेस्सरला लूट मिळाली नाही, कारण शरण आलेल्या शहराची लूट होत नाही. म्हणजे २९ वा अध्याय हा २६ व्याचा पराभव वाटतो, पण यिर्मया २७ शेजारी ठेवला की तो हिशोबात बसतो. सोरने पश्चात्ताप केला असं मी म्हणत नाही, त्याची कुठे नोंद नाही, फक्त जू घेतलं. पण यिर्मयाची अट तेवढीच होती.

यशया २३ पण आहे. तिथे सोर सत्तर वर्षं विसरलं जाईल आणि मग परत धंद्याला लागेल, आणि तिची कमाई परमेश्वराला पवित्र होईल असं म्हटलंय. बायबलच्या एकाच गठ्ठ्यात एक आवाज म्हणतो परत कधीच नाही, दुसरा म्हणतो परत उठेल. युसेबियसने यशयाचं हे वचन आपल्या काळातल्या सोरच्या चर्चशी जोडलं होतं, लोक दानधर्म करतायत ते बघून. कृत्ये २१ मधले किनाऱ्यावर गुडघे टेकलेले लोक बघितले की मलाही तेच जास्त "पूर्ण झालं" वाटतं, अलेक्झांडरच्या दगडांपेक्षा.

युथ मीटिंगला कोणी विचारलं तर मी सांगतो की सोर लिस्टमधून काढा. भविष्यवाणी खोटी म्हणून नव्हे, तर लिस्टमध्ये एका ओळीत ती मावत नाही म्हणून, आणि अर्धी सांगितली तर पोरगा घरी जाऊन गुगल करणारच आहे. त्यापेक्षा २६, २७, २९ आणि यिर्मया २७ एका बसण्यात सलग वाचा, सोबत नकाशा ठेवा. एका पाळकांनी मला म्हटलं की याने कमकुवत लोकांचा विश्वास डळमळेल. डळमळतो तो नंतर कळल्यावर, असं माझं मत, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

राहता राहिली ती मजुरी. नबुखद्रेस्सरला मिसर देतो म्हटलं होतं. त्याने आपल्या ३७ व्या वर्षी, इ.स.पू. ५६८-५६७ मध्ये, मिसरवर स्वारी केल्याचा तुटका लेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, म्हणजे संदेशानंतर तीन-चार वर्षांतच. पण त्याच २९ व्या अध्यायात आधी मिसर चाळीस वर्षं ओसाड पडेल असंही म्हटलंय, आणि नेमका तोच काळ फारो अमासीसचा, मिसरच्या भरभराटीचा. त्याला सोरचं उत्तर चालत नाही, कारण मिसरने नबुखद्रेस्सरपुढे मान वाकवलेली नाही. ती केस वेगळी काढावी लागेल.